पानावरचा आकडा बदलला की आपला कोड कसा चालवायचा?

मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण हा विषय नुसता पुस्तकी पद्धतीने सांगितला तर फार सोपा वाटतो, आणि मग तीच चूक तुम्हीही कराल.

माझ्या पीएचडीच्या कामाचा एक भाग असा आहे. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं जातंय याचा आकडा एका सार्वजनिक वेबपानावर दिसतो. तो आकडा वाढल्यापासून नदीकाठच्या वस्तीतल्या लोकांच्या मोबाइलवर इशारा पोचेपर्यंत किती वेळ जातो, हे मला मोजायचं होतं. इशारा कधी आला ते वस्तीतले काही जण मला कळवणार होते. पानावरचा आकडा कधी बदलला, हे मात्र मलाच टिपायचं होतं. पाणी रात्री अडीच वाजताही सोडलं जातं, तेव्हा जागं कोण राहणार? म्हणून कोड लिहिला.

कोड अगदी साधा होता. दर ५ सेकंदांनी आकडा वाचायचा, आधीच्यापेक्षा वेगळा असेल तर वेळेसकट लिहून ठेवायचा. लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर क्रोममध्ये टॅब उघडला, कोड चालू केला, आणि त्याच खिडकीत दुसऱ्या टॅबवर आमची रोजची कामं चालू राहिली. सहा आठवड्यांनी सरांना नोंदी दाखवल्या. त्यांनी वेळांचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "अगं, दोन नोंदींमधलं अंतर बहुतेक वेळा पूर्ण मिनिटांतच कसं येतंय? पाणी सोडणारा माणूस घड्याळ लावून बसतो का?"

माणूस घड्याळ लावून बसत नव्हता. ब्राउझर बसत होता.

झालं होतं ते असं. टॅब मागे गेला, म्हणजे तुम्ही दुसरा टॅब बघत असलात, की ब्राउझर बॅटरी आणि प्रोसेसर वाचवण्यासाठी त्या टॅबमधले टायमर मंदावतो. आधी सेकंदाला एकदा इतपत. क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, पान पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेलं असेल आणि आवाज वगैरे काही चालू नसेल, तर पुन्हा पुन्हा वाजणारे टायमर मिनिटातून एकदाच जागे केले जातात. माझा ५ सेकंदांचा टायमर प्रत्यक्षात ६० सेकंदांचा झाला होता. एरर नाही, सूचना नाही, काही नाही. आणि माझ्या मसुद्यात मी लिहून बसले होते, "आकडे दर ५ सेकंदांनी नोंदवले." ते वाक्य खोटं होतं.

एका मिनिटाने काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं. माझी नोंद खऱ्या बदलाच्या नेहमी नंतरच होणार, आधी कधीच नाही. म्हणजे बदल मला उशिरा दिसतो, इशाऱ्याची वेळ मात्र तीच राहते, त्यामुळे मधलं अंतर दर वेळी कमीच मोजलं जातं. चूक दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली असती तर सरासरीत बरीचशी जिरली असती. इथे ती एकाच बाजूला झुकलेली होती, आणि झुकली होती तीही इशारा देणारी यंत्रणा आहे त्यापेक्षा चपळ दिसेल अशा बाजूला. नदीकाठी झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने ही चुकायची सगळ्यात वाईट दिशा.

आता उपायाकडे. गॅसवर पातेल्यात दूध ठेवून थोड्या थोड्या वेळाने डोकावणं ही एक पद्धत. माझा कोड तेच करत होता. तंत्राच्या भाषेत याला पोलिंग म्हणतात. दुसरी पद्धत म्हणजे शिट्टी वाजवणारा दुधाचा कुकर: तुम्ही तुमचं काम करा, झालं की तोच सांगेल. ब्राउझरमध्ये या शिट्टीचं नाव म्युटेशन ऑब्झर्व्हर.

तो समजायला एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागेल. वेबपान आपल्याला मजकूर म्हणून दिसतं, पण ब्राउझरच्या मेमरीत ते एक झाड असतं, ज्याला डॉम म्हणतात. झाडापेक्षा वंशावळ म्हटलं तर जास्त बरोबर, कारण शब्दही तेच वापरतात: पालक नोड, मूल नोड, भावंड नोड. तक्ता हा पालक, त्याच्या ओळी ही मुलं, ओळीतले रकाने ही नातवंडं. आणि रकान्यातला "१२,५००" हा मजकूरसुद्धा स्वतंत्र नोड असतो, रकान्याचं मूल. हा शेवटचा मुद्दा आत्ता किरकोळ वाटेल. पुढे तोच नडतो.

या झाडात बदल झाला की आपला कोड चालावा, ही सोय जुनी आहे. २००० साली आलेल्या डॉमच्या दुसऱ्या पातळीच्या प्रमाणकात म्युटेशन इव्हेंट्स होते. पण ते तिथल्या तिथे चालायचे: पानाने एक ओळ जोडली की पान थांबणार, तुमचा कोड चालणार, मग पुढची ओळ. हजार ओळी असल्या की हजार वेळा हीच थांबाथांबी. त्यात तुमच्या कोडने मध्येच झाडाला हात लावला तर ब्राउझरच्या अर्धवट कामाखालची जमीनच सरकायची. २०१२ च्या सुमारास ब्राउझरमध्ये म्युटेशन ऑब्झर्व्हर आला आणि जुनी पद्धत मोडीत निघायला लागली. क्रोमने ती २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीत काढूनही टाकली. म्हणून इंटरनेटवर "डॉम नोड इन्सर्टेड" वगैरे नावं असलेला जुना कोड सापडला तर तो उचलू नका. तो आजच्या क्रोममध्ये मुकाट्याने काहीच करणार नाही.

नव्या पद्धतीत बदल झाला की तुमचा कोड लगेच चालत नाही. बदलाची एक चिठ्ठी लिहिली जाते. पानाचा चालू असलेला कोड संपला की साठलेल्या सगळ्या चिठ्ठ्या एका गठ्ठ्यात, क्रमाने, तुमच्या फंक्शनला मिळतात. हजार ओळी जोडल्या तरी तुमचं फंक्शन एकदाच चालतं. हे टायमरवर अवलंबून नसल्यामुळे मागच्या टॅबमधली ती मिनिटाची गाठ त्याला बसत नाही.

वापरायची रीत तीन पायऱ्यांची आहे. चिठ्ठ्या आल्यावर काय करायचं ते फंक्शन लिहायचं. ते देऊन ऑब्झर्व्हर बनवायचा. मग ऑब्झर्व्ह ही मेथड वापरून कुठला नोड बघायचा आणि कुठल्या प्रकारचे बदल बघायचे ते सांगायचं. नेमका कोड तुम्हाला कुठेही मिळेल. मला वेळ घालवायचाय तो या शेवटच्या भागावर, कारण विदा हरवतो तो इथेच.

बदलांचे प्रकार तीन. चाइल्डलिस्ट म्हणजे मुलं आली किंवा गेली. ॲट्रिब्यूट्स म्हणजे नोडवरची लेबलं बदलली, जसं क्लास किंवा स्टाइल. कॅरॅक्टरडेटा म्हणजे मजकुराच्या नोडमधली अक्षरं बदलली. या तिघांपैकी निदान एक तरी मागावाच लागतो, नाहीतर ऑब्झर्व्ह एरर देतं. याशिवाय सबट्री नावाचा पर्याय आहे. तो दिला नाही तर फक्त तो एक नोड आणि त्याची थेट मुलं आलीगेली इतकंच दिसतं, नातवंडांकडे लक्ष नाही.

आता एक प्रश्न. रकान्यातला आकडा १२,५०० वरून १५,००० झाला. हा कुठला प्रकार?

बहुतेक जण कॅरॅक्टरडेटा म्हणतात. मीही तेच म्हणाले होते. खरं उत्तर असं, की पानाच्या कोडने तो बदल कसा केला यावर ते ठरतं. रकान्याचा टेक्स्टकंटेंट नव्याने लिहिला असेल, तर जुना मजकूर-नोड काढून नवा बसवला जातो, म्हणजे चाइल्डलिस्ट. आहे त्याच मजकूर-नोडच्या आतली अक्षरं बदलली असतील तर कॅरॅक्टरडेटा. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. तुम्ही एकच प्रकार मागितला असेल तर दुसऱ्या पद्धतीने झालेले बदल तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. शिवाय कॅरॅक्टरडेटा हा मजकूर-नोडचा बदल असल्यामुळे, रकान्यावर लक्ष ठेवून सबट्री दिलं नसेल तर तोही दिसणार नाही. म्हणून संशोधनासाठी मी सरळ तिन्ही मागते: चाइल्डलिस्ट, कॅरॅक्टरडेटा आणि सबट्री. आणि जुनी किंमतही हवी असल्याचं सांगते, म्हणजे कॅरॅक्टरडेटाच्या चिठ्ठीत आधीचा मजकूर मिळतो. चाइल्डलिस्टच्या चिठ्ठीत काढून टाकलेला जुना नोड असतोच, त्यातून वाचता येतं.

जुनी किंमत का हवी? कारण चिठ्ठ्या गठ्ठ्याने येतात. पानाने एकाच दमात आकडा दोनदा बदलला तर तुमचं फंक्शन चालेपर्यंत पानावर शेवटचाच उरलेला असतो. पानाकडे बघितलंत तर मधला आकडा गेला. चिठ्ठ्यांमध्ये तो असतो. त्यामुळे "बदल झाला का" एवढ्यासाठी ऑब्झर्व्हर वापरून "काय झालं" ते पानावरून वाचायचं, असं करू नका. चिठ्ठ्याच वाचा.

चिठ्ठीवर वेळ मात्र नसते! हे मला वाचूनही बरेच दिवस खरं वाटत नव्हतं. वेळ तुम्हीच घालायची असते, आणि ती तुमचं फंक्शन चाललं तेव्हाची असते, बदल झाला तेव्हाची नाही. पानाचा कोड अर्धा सेकंद अडकला असेल तर तेवढा उशीर त्यात आला. माझ्या कामाला तो चालतो. तुम्ही माणसाच्या प्रतिक्रियेचे मिलिसेकंद मोजत असाल तर चालणार नाही.

उलट्या बाजूनेही फसायला होतं. काही पानं दर थोड्या वेळाने तोच आकडा पुन्हा लिहितात. १५,००० च्या जागी १५,०००. झाडात बदल झाला म्हणून चिठ्ठी येते, पण धरणावर कोणी काही केलेलं नाही. लांबलचक तक्त्यांमध्ये स्क्रोल करताना नजरेआडच्या ओळी काढून टाकतात, तेव्हा "ओळ गेली" अशी चिठ्ठी येते आणि माहिती असते जागच्या जागी. ऑब्झर्व्हर झाडाबद्दल बोलतो, जगाबद्दल नाही. कुठली चिठ्ठी "घटना" म्हणून मोजायची याचा नियम तुम्ही ठरवायचा, आणि तो विदा गोळा व्हायच्या आधी कागदावर लिहायचा. नंतर ठरवलात तर नकळत आलेख सुंदर दिसेल असाच ठरवाल. कच्च्या चिठ्ठ्या सगळ्याच ठेवा, गाळणी नंतर लावा.

काही गोष्टी त्याला दिसतच नाहीत. कॅनव्हासवर रंगवलेला आलेख बदलला तर झाडात काहीच झालेलं नसतं. फॉर्मच्या चौकटीत कोणी टाइप केलं तर तेही नाही. आयफ्रेमच्या आतलं झाड वेगळं, शॅडो डॉमच्या आतलंही वेगळं. तिथे शिरता येत असेल तर स्वतंत्र ऑब्झर्व्हर बसवावा लागतो. एखादी गोष्ट स्क्रीनवर दिसायला लागली का, हे बघायला इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर नावाचा त्याचा भाऊ आहे. त्याच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

आणि एक गंमत, जी घडताना अजिबात गंमत वाटत नाही. बदललेला आकडा मला पिवळा दिसावा म्हणून मी फंक्शनमध्येच त्याला एक क्लास लावला होता. त्या दिवशी ॲट्रिब्यूट्सही मागितले होते. क्लास लावला, म्हणजे बदल झाला, म्हणजे चिठ्ठी आली, म्हणजे फंक्शन चाललं, म्हणजे क्लास लावला... टॅब गोठला. तोच क्लास पुन्हा लावला तरी चिठ्ठी येतेच, हे तेव्हा कळलं. ज्या झाडावर लक्ष ठेवताय त्याला फंक्शनमधून हात लावू नका. लावायचाच असेल तर आधी डिसकनेक्ट करा, पण लक्षात ठेवा, डिसकनेक्ट केलं की न वाचलेल्या चिठ्ठ्या फेकल्या जातात. त्याआधी टेकरेकॉर्ड्सने त्या काढून घ्या.

हे सगळं एकीकडे आणि आता सांगतेय ते एकीकडे. सगळ्यात धोकादायक गोष्ट ही, की ऑब्झर्व्हर गप्प बसला तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, काही बदललं नाही. दोन, तुम्ही बघताय तो नोडच आता पानावर नाही. आजकालची बरीच पानं एखादा भाग अद्ययावत करताना जुना डबा टाकून देऊन हुबेहूब तसाच नवा डबा बसवतात. तुमचा ऑब्झर्व्हर इमानदारीने टाकलेल्या डब्याकडे बघत बसतो. तिथे आता कधीच काही होणार नाही. एरर नाही, सूचना नाही. नोंदवही रिकामी, आणि तुम्ही लिहिणार, "रात्री ११ ते सकाळी ६ विसर्गात बदल झाला नाही."

यावर पहिला उपाय म्हणजे आकड्याच्या रकान्यावर न बसता वरच्या, सहसा न बदलणाऱ्या पूर्वज नोडवर बसायचं आणि सबट्री द्यायचं. चिठ्ठ्या जास्त येतात, येऊ द्या. दुसरा उपाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ठोके. मिनिटाला एकदा कोडने एक ओळ लिहायची की मी जिवंत आहे, टॅब समोर आहे की मागे, बघतोय तो नोड अजून पानाला जोडलेला आहे का, आणि या क्षणी पानावर दिसणारा आकडा कोणता. म्हणजे ज्या पोलिंगला आपण नावं ठेवली तेच परत आलं, पण आता लेखापरीक्षक म्हणून. ठोक्यात वाचलेला आकडा आणि ऑब्झर्व्हरने शेवटचा नोंदवलेला आकडा जुळला नाही, तर मधे काहीतरी निसटलं. ठोकाच नसेल तर कोड बंद होता, आणि त्या काळाबद्दल तुम्ही काहीही म्हणू शकत नाही. "बदल नाही" आणि "माहिती नाही" या दोन गोष्टी नोंदवहीत वेगळ्या दिसल्या पाहिजेत. मागच्या वर्षीच्या माझ्या नोंदवहीत त्या सारख्याच दिसत होत्या.

टॅब मागे आहे की समोर हे का लिहायचं, तर पान स्वतः आकडा कसा आणतं यावरही सगळं अवलंबून आहे. माझ्या पानावर सर्व्हर वेबसॉकेटने आकडा ढकलत होता, त्यामुळे टॅब मागे असतानाही पान वेळेवर बदलत होतं आणि फक्त माझाच कोड झोपत होता. पण पानच जर स्वतःच्या टायमरने दर ३० सेकंदांनी सर्व्हरला विचारत असेल, तर मागच्या टॅबमध्ये तेही मंदावतं. तिथे ऑब्झर्व्हर कितीही चांगला असला तरी न घडलेला बदल तो कसा दाखवणार? अशा वेळी त्या पानाला स्वतंत्र खिडकी द्या, ती दिसती ठेवा आणि कॉम्प्युटरचं झोपणं बंद करा.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. कन्सोलमध्ये चिकटवलेला कोड पान रिफ्रेश झालं की गेला, त्यामुळे छोटं एक्स्टेन्शन करा. नोंदी पानाच्या मेमरीत साठवू नका, टॅब कोसळला की त्या गेल्या. बाहेर कुठेतरी लिहीत जा. सुरुवातीचा आकडा ऑब्झर्व्हर सांगत नाही, कारण तो बसवण्याआधीचं त्याला काही माहीत नसतं. तो आपण वाचून लिहायचा. पानाच्या वापराच्या अटी वाचा, आणि पानावर माणसांचं बोलणं किंवा नावं येत असतील तर आधी तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीकडे जा. आणि हे सगळं करण्याआधी एक साधं पत्र लिहून बघा: तुमच्याकडे या आकड्यांची वेळेसकट नोंद आहे का, मला मिळेल का? सर्व्हरची मूळ नोंद मिळाली तर ती या सगळ्या खटाटोपापेक्षा चांगली. अपवाद एकच. तुमचा प्रश्न "आकडा कधी ठरला" हा नसून "लोकांना तो पानावर कधी दिसला" हा असेल, तर मात्र ब्राउझरमध्ये बसूनच बघावं लागतं. माझा प्रश्न दुसरा होता.

या वर्षी विदा गोळा करायच्या आधी मी एक दिवस फक्त चाचणीला दिला. स्वतःचं एक खोटं पान बनवलं, ज्यावर आकडा मला माहीत असलेल्या वेळी बदलतो: कधी टेक्स्टकंटेंट लिहून, कधी मजकूर-नोड बदलून, कधी अख्खा डबा बदलून, कधी तोच आकडा पुन्हा लिहून, कधी एका दमात दोनदा. टॅब मागे टाकला, लॅबला कुलूप लावलं, घरी गेले. सकाळी दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. डबा बदलल्यानंतरचे सगळे बदल गायब होते, कारण पूर्वज नोड निवडताना मी एक पायरी खालचा निवडला होता. एक पायरी वर गेले आणि पुन्हा रात्रभर चालवलं.

मागच्या वर्षीच्या नोंदी मी फेकलेल्या नाहीत. त्या प्रकरणात आता "दर ५ सेकंदांनी" ऐवजी "६० सेकंदांपर्यंत उशिराने" असं लिहिलंय, आणि मोजलेलं प्रत्येक अंतर हे खऱ्या अंतराची खालची मर्यादा आहे, एवढंच म्हटलंय. सरांनी त्या पानावर बरोबरची खूण केली आणि समासात विचारलं, "वस्तीतल्या लोकांच्या मोबाइलची घड्याळं तपासलीस का?"

नव्हती तपासली.